वजनगट बदलताय? उतरणीच्या ठोसेबाजाला घाईने गाठू नका

८५ किंवा ९० किलोच्या गटात चांगला खेळणारा मुलगा कधीतरी वजन उतरवून उतरवून थकतो. उंची आहे, खांदे भरलेत, वजनकाट्यासाठी दोन दिवस उपाशी राहण्यात आता अर्थ उरलेला नाही. मग हेवीवेटमध्ये जायचं ठरतं. हा निर्णय बहुतेक वेळा बरोबरच असतो. चूक होते ती पुढच्या पायरीवर. कुणीतरी जाणता माणूस सुचवतो, ‘त्या अमक्याशी खेळ. एके काळी एका ठोशात झोपवायचा, पण आता वय झालंय, दम राहिला नाही. त्याला हरवलंस की नाव होईल.’

पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यात हा सल्ला सहज दिला जातो आणि तितक्याच सहज पटतो, कारण आपली खेळाची समज कबड्डी आणि कुस्तीवर पोसलेली आहे. कुस्तीत या सल्ल्याला आधारही आहे. उतरणीला लागलेल्या मल्लाच्या अंगात ताकद असते, पण डाव लावायला लागणारी चपळाई आणि दम गेलेला असतो. चढता पोरगा त्याला फिरवतो, दमवतो आणि मग चीत करतो. वजनातला फरकही चपळाईने भरून काढता येतो. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ७४ किलो गटात उतरलेल्या नरसिंग यादवने २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली, तीही अंगापिंडाने थोराड मल्लांच्या गटात. शिवाय कुस्तीत हरलात तर पाठीला माती लागते. बॉक्सिंगमध्ये हरलात तर मार मेंदूला बसतो. म्हणून आखाड्यातला हिशेब रिंगमध्ये जसाच्या तसा लावू नये.

वजनगट वाढवणाऱ्या बॉक्सरने उतरणीच्या ठोसेबाजाशी खेळावं का? माझं उत्तर असं: खेळावं, पण नव्या गटातली पहिली लढत म्हणून कधीच नाही. आणि शेवटच्या फेरीच्या शेवटच्या मिनिटापर्यंत तुमचे पाय चालणार असतील तरच. निर्णय त्याच्या वयावर करायचा नसतो, तुमच्या पायांवर करायचा असतो.

वय झालं की काय जातं आणि काय उरतं

बॉक्सरच्या अंगातून आधी पाय जातात. बाजूला सरकणं मंदावतं, अंतर चुकायला लागतं. मग नजर आणि हात यांच्यातला मेळ ढिला होतो. समोरून येणारा ठोसा दिसतो, पण टाळता येत नाही. त्यानंतर दम कमी होतो, मार सोसण्याची ताकद घटते. सर्वांत शेवटी जाते ती ठोशातली ताकद. ठोसा बसतो तो देहाच्या वजनातून, कमरेच्या फिरण्यातून आणि नेमक्या क्षणाच्या जाणिवेतून. या तिन्ही गोष्टी चाळिशीतही बऱ्याच शाबूत असतात.

ऑक्टोबर २०२१मध्ये टायसन फ्युरी आणि डिऑन्टे वाइल्डर यांची तिसरी लढत झाली. तिसऱ्या फेरीत वाइल्डर स्वतः खाली पडला होता, तोल सांभाळताना त्याची ओढाताण होत होती. तरी चौथ्या फेरीत त्याच्या उजव्या हाताने फ्युरीला दोनदा खाली पाडलं. फ्युरी उठला आणि अकराव्या फेरीत जिंकलाही, पण फ्युरी जन्मजात हेवीवेट, सव्वाशे किलोंच्या घरातला माणूस. कालपर्यंत ८५ किलोत खेळणाऱ्याने तो मार कसा घेतला असता, याचा विचार करा.

म्हणून ‘उतरणीचा बॉक्सर’ आणि ‘उतरणीचा ठोसेबाज’ हे दोन वेगळे प्रतिस्पर्धी समजा. वेग, जॅब आणि पाय यांवर ज्याची कारकीर्द उभी राहिली, त्याचं बळ वयाबरोबर ओसरतं. सप्टेंबर १९८५मध्ये लाइट हेवीवेट विजेता मायकेल स्पिंक्स वजन वाढवून वर आला आणि तोवर ४८ लढतींत अजिंक्य असलेल्या लॅरी होम्सला गुणांवर हरवून गेला. होम्स तेव्हा ३५ वर्षांचा होता. त्याचं मुख्य हत्यार जॅब, आणि तेच मंदावलं होतं. ती निवड विचारपूर्वक केलेली होती. तोच स्पिंक्स जून १९८८मध्ये ऐन भरातल्या माइक टायसनसमोर उभा राहिला, तेव्हा लढत ९१ सेकंदांत संपली.

एकच फोरमन, दोन निकाल

या प्रश्नाचं सर्वांत स्पष्ट उत्तर जॉर्ज फोरमनच्या दोन लढतींत सापडतं. दोन्ही वेळा समोर खालच्या गटातून वर आलेला बॉक्सर होता आणि दोन्ही वेळा लोक फोरमनला म्हातारा म्हणत होते.

एप्रिल १९९१. फोरमन ४२ वर्षांचा, वजन ११६ किलोंच्या आसपास. समोर इव्हँडर होलिफील्ड, वजन सुमारे ९४ किलो. होलिफील्डने १९८४च्या ऑलिंपिकमध्ये लाइट हेवीवेट गटात कांस्यपदक घेतलं होतं, मग क्रूझरवेट गट जिंकला होता. त्या रात्री तो ठोशांची मालिका मारून लगेच बाजूला होत राहिला. फोरमनचे ठोसे त्यालाही बसले, काही जोरात बसले. पण पुढचा ठोसा यायच्या आत तो जागा बदलायचा. बारा फेऱ्या झाल्या आणि तो गुणांवर जिंकला.

नोव्हेंबर १९९४. फोरमन आता ४५ वर्षांचा, म्हणजे तीन वर्षांनी आणखी मंद. समोर मायकेल मूरर, लाइट हेवीवेटमधून वर आलेला डावखुरा. त्याने त्याच वर्षी एप्रिलमध्ये होलिफील्डला हरवून हेवीवेटचं विजेतेपद घेतलं होतं. नऊ फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर मूरर पुढे होता. त्याचा उजवा जॅब सहज लागत होता, फोरमनचा चेहरा सुजत चालला होता. मूररचे प्रशिक्षक टेडी अ‍ॅटलस त्याला समोर थांबू नकोस म्हणून बजावत होते. पण आपलं सगळं बरोबर चाललंय असं वाटलं की माणूस थांबतो, तसा मूरर फोरमनच्या समोर थांबला. दहाव्या फेरीत फोरमनने डावा हात पुढे टाकला आणि मागोमाग उजवा सरळ हनुवटीवर. हात फार मागे नेलेला नव्हता, झेप नव्हती. मूरर पाठीवर पडला आणि दहा आकडे मोजून होईपर्यंत उठू शकला नाही.

या दोन निकालांमधला फरक अनुभवाचा नव्हता. मूररही तेव्हा हेवीवेटमध्ये तीन वर्षं खेळत होता. फरक उभं राहण्याच्या जागेचा होता. उतरणीचा ठोसेबाज तुम्हाला शोधत येऊ शकत नाही. तुम्ही त्याच्या हातासमोर येण्याची तो वाट बघतो. तुम्ही समोर आला नाहीत, तर त्याचं वय त्याला हरवतं. समोर आलात, तर त्याचं वय पुसलं जातं.

पायऱ्या कशा चढाव्यात

होलिफील्डची शिडी अभ्यासण्यासारखी आहे. क्रूझरवेटचा निर्विवाद विजेता झाल्यावर जुलै १९८८मध्ये तो हेवीवेटमधली पहिली मोठी लढत खेळला ती जेम्स टिलिसशी. टिलिस अनुभवी होता, दोन वर्षांपूर्वी टायसनसमोर दहा फेऱ्या उभा राहिला होता, पण एका ठोशात लढत संपवणारा नव्हता. डिसेंबरमध्ये माजी विजेता पिंकलन थॉमस, पुढच्या मार्चमध्ये माजी विजेता मायकेल डोक्स. तिघेही ऐन भर ओसरलेले. ऑक्टोबर १९९०मध्ये बस्टर डग्लसला हरवून तो जगज्जेता झाला आणि फोरमन त्याच्यासमोर आला तो त्यानंतर. ओलेक्झांडर उसिकनेही पायऱ्या गाळल्या नाहीत. २०१९मध्ये ३८ वर्षांचा चॅझ विदरस्पून, २०२०मध्ये अंगावर धावून येणारा, जड हाताचा डेरेक चिसोरा, आणि मग सप्टेंबर २०२१मध्ये अँथनी जोशुआ. चिसोराने पहिल्या काही फेऱ्या उसिकला बराच त्रास दिला. दुसऱ्या पायरीवर तो त्रास उपयोगाचा ठरला. पहिल्या पायरीवर तोच महागात पडला असता.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. पहिली लढत जड पण हळू माणसाशी, ज्याच्या अंगाचं ओझं तुम्हाला कळेल. दुसरी उतरणीच्या तंत्रशुद्ध बॉक्सरशी, जो तुमच्या चुका दाखवेल. ठोसेबाज त्यानंतर.

तीन फेऱ्यांचं गणित वेगळं आहे

आता आपल्या भागातल्या मुलांसाठी महत्त्वाची गोष्ट. वर सांगितलेल्या लढती दहा-बारा फेऱ्यांच्या व्यावसायिक लढती आहेत. आपली मुलं जिल्हा, विभाग आणि राज्य पातळीवर हौशी बॉक्सिंग खेळतात. वरिष्ठ गटात तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, एकूण नऊ मिनिटं. ‘त्याला दम नाही’ हा सल्ला इथे निकामी होतो. चाळिशीकडे झुकलेल्या ठोसेबाजालाही नऊ मिनिटांपुरता दम असतो. त्याला थकवायला तुमच्याकडे पुरेसा वेळच नसतो. शिवाय वरिष्ठ पुरुष गटात २०१३पासून हेडगिअर नाही.

स्पर्धेत प्रतिस्पर्धी सोडतीने ठरतो, तिथे निवड तुमच्या हातात नाही. हातात आहे ते एवढंच: नव्या गटात नाव कधी द्यायचं, गावच्या किंवा क्लबच्या प्रदर्शनी सामन्यात कुणाशी जोडी मान्य करायची, आणि स्पॅरिंग कुणाबरोबर करायचं. या तीन ठिकाणी नीट विचार केलात तर सोडतीत कुणीही आला तरी तयारी असते.

गटांचे आकडेही लक्षात असू द्या. हौशी खेळात वर्ल्ड बॉक्सिंग या संघटनेच्या २०२५मधल्या रचनेत पुरुषांचे वरचे गट ८०, ८५, ९० आणि ९० किलोंवरील असे आहेत. व्यावसायिक खेळात क्रूझरवेटची मर्यादा ९०.७ किलो आहे आणि त्यावर हेवीवेटला मर्यादाच नाही. ९२ किलोच्या मुलासमोर ११५ किलोचा माणूस येऊ शकतो. ही दरी फार मोठी आहे, म्हणूनच वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने २०२०मध्ये १०१.६ किलोंपर्यंतचा ब्रिजरवेट हा मधला गट सुरू केला.

वजन वाढवा, ओझं नको

महिन्याला किलो-दीड किलोपेक्षा वेगाने चढलेलं वजन बहुधा चरबीचं असतं आणि ते तिसऱ्या फेरीत पायांना जाणवतं. ८५वरून ९३ किलोंवर यायला सहा ते आठ महिने द्या. खेळाडूला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.६ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात. ९० किलोच्या मुलासाठी हा आकडा १४५ ते १८० ग्रॅम होतो. त्यासाठी महागड्या डब्यांची गरज नाही. अंडी, ताजी मासळी, चिकन, दूध, वालाची उसळ, मुगाचं बिरडं हे सगळं आपल्या घरात आहेच. सुका जवळा आणि सुके बोंबीलही चांगले, फक्त त्यातलं मीठ लक्षात घेऊन भिजवून, धुऊन वापरा. तांदळाची भाकरी आणि भात सोडू नका. जड मेहनतीला तेच इंधन लागतं.

धाटावच्या औद्योगिक वसाहतीत किंवा डोलवीच्या कारखान्यात पाळीने काम करणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. रात्रपाळी करून आल्यावर सकाळी स्पॅरिंग करू नका. धावणं, दोरीवरच्या उड्या, बॅगवर हलका सराव चालेल. झोप न झालेल्या माणसाची नजर मंद असते आणि जड हाताच्या जोडीदारापुढे ती मंद नजर धोक्याची. रात्रपाळीच्या आठवड्यात स्पॅरिंग सुट्टीच्या दिवशी, झोप पुरी झाल्यावर ठेवा.

नवं वजन अंगाला लागलं की नाही याची एक सोपी परीक्षा आहे. जुन्या वजनात तिसऱ्या फेरीच्या शेवटच्या मिनिटात तुम्ही बॅगवर किती ठोसे मारत होता ते मोजून ठेवा. नव्या वजनात तितकेच ठोसे, तितक्याच हालत्या पायांनी मारता आले की समजा वजन तुमचं झालं. तोवर ते ओझं आहे.

जड माणसाची सवय

आपल्या तालुक्यांत ९० किलोंवरचा जोडीदार मिळणं अवघड असतं. दिवा-रोहा मार्गावरची गाडी पकडून पनवेल, नवी मुंबईकडच्या क्लबांत आठवड्यातून एकदा जावं लागलं तरी जा. प्रशिक्षकांनी आधी बोलणं करून ठेवावं. सुरुवातीचे दोन महिने फक्त ठरवून केलेलं स्पॅरिंग करा: तो फक्त जॅब मारेल, तुम्ही फक्त टाळाल. १६ औंसांचे ग्लव्ह्ज, हेडगिअर, तोंडात गमशील्ड. यात तडजोड नाही.

क्लिंचचा सराव वेगळा करावा लागतो. जड माणूस मानेवर हात टाकून सगळं वजन तुमच्यावर सोडतो. पहिल्यांदा कंबर वाकते, पाय जुळतात, श्वास अडकतो. अशा वेळी मागे ढकलायला गेलात तर ताकद तुमची जाते. कपाळ त्याच्या खांद्याला टेकवा, कोपर बरगड्यांशी धरा, एक पाय त्याच्या पायाच्या बाहेर टाका आणि त्याचं वजन आपल्या अंगावरून बाजूला घसरू द्या. तो पुढे कलंडतो आणि तुम्ही बाजूला मोकळे. रिंगच्या चारही कोपऱ्यांत हे अंगवळणी पडेपर्यंत ठोसेबाजाशी लढत नको.

होकार देण्याआधी

प्रशिक्षक, बॉक्सर आणि घरचे यांनी एकत्र बसून हे प्रश्न विचारावेत.

१. नव्या वजनात किमान सहा महिने झालेत का आणि किमान दोन सामने झालेत का?

२. प्रतिस्पर्ध्याच्या अलीकडच्या दोन-तीन लढतींचं चित्रीकरण पाहिलंय का? तो हरला असेल तर कसा? पाय न चालल्याने हरला की ठोसा खाऊन पडला?

३. त्याचा मुख्य हात कोणता आणि त्या हातापासून दूर फिरायचं तर आपण कोणत्या बाजूला फिरणार? प्रशिक्षकाकडे याचं एका वाक्यात उत्तर नसेल तर तयारी झालेली नाही.

४. रिंग केवढी आहे? लहान रिंग ठोसेबाजाच्या फायद्याची.

५. रिंगजवळ डॉक्टर आणि रुग्णवाहिका आहे का? मेंदूवर शस्त्रक्रिया होऊ शकेल असं रुग्णालय किती अंतरावर आहे? गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर वाहनं तासन्‌तास अडकतात, हे धरून हिशेब करा.

६. टॉवेल टाकायचा अधिकार कुणाचा? नाव आधी ठरवा आणि बॉक्सरने तो निर्णय मान्य करायचा, हेही आधीच ठरवा.

यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर समाधानकारक नसेल, तर तारीख पुढे ढकला.

रिंगमध्ये

पहिल्या फेरीत त्याला गाठायचं नाही. एक-दोन ठोसे मारून लगेच बाजूला व्हा. सरळ मागे जाऊ नका, कारण सरळ मागे जाणारा माणूस लांब हाताच्या टप्प्यात राहतो. तुमच्या ठोशाने तो हलला तर अंगावर तुटून पडण्याचा मोह आवरा. जखमी ठोसेबाज डोळे मिटूनही हात सोडतो आणि तुम्ही तेव्हा उघडे असता. मार्च २०१७मध्ये क्रूझरवेटमधून वर आलेल्या टोनी बेल्यूने डेव्हिड हेसमोर हाच संयम पाळला. डेव्हिड हे तेव्हा उतरणीला लागलेला पण ठोशात जहर असलेला बॉक्सर. बेल्यू त्याला हुलकावण्या देत फिरवत राहिला. सहाव्या फेरीत हेच्या टाचेची शीर तुटली आणि अकराव्या फेरीत लढत संपली. त्या दुखापतीचा भाग नशिबाचा, पण म्हाताऱ्या होत चाललेल्या शरीराला सतत धावायला लावणं हा भाग योजनेचा.

लढतीनंतर डोकं दुखणं, उलटी, गुंगी, धूसर दिसणं यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मोटारसायकल चालवत एकट्याने घरी जायचं नाही. नॉकआउट झाला असेल तर किमान तीस दिवस स्पॅरिंग बंद आणि डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय पुन्हा सुरू नाही. जिंकलात तरी डोक्याला मार बसला असेल तर हेच पथ्य.

समोरच्याचाही विचार करा

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. उतरणीचा बॉक्सर ही कुणाच्या चढणीची पायरी म्हणून ठेवलेली वस्तू नाही. १९८०च्या सुरुवातीला मुहम्मद अली दिल्लीत येऊन आपल्या कौर सिंगशी प्रदर्शनी लढत खेळला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ३८ वर्षांचा असताना, तो लॅरी होम्ससमोर उतरला. दहा फेऱ्या त्याने नुसता मार खाल्ला आणि शेवटी त्याच्या कोपऱ्यातून लढत थांबवली गेली. होम्सला त्या विजयाचा आनंद झाला नाही. तुमच्यासमोर आणला जाणारा माणूस बोलताना अडखळत असेल, चालताना तोल जात असेल, लागोपाठच्या लढतींत नॉकआउट झालेला असेल, तर त्याच्याशी खेळू नका. आयोजकांना स्पष्ट सांगा. असा विजय तुम्हाला काही शिकवत नाही आणि त्याचं उरलेलं आयुष्य बिघडवू शकतो.

प्रशिक्षकांना शेवटची विनंती. मुलगा तुमचा शब्द मोडत नाही, म्हणून नकार देण्याची जबाबदारी तुमचीच. ‘लोक काय म्हणतील, घाबरला म्हणतील’ हे त्याने ऐकण्याआधी तुम्ही ऐका आणि अंगावर घ्या. मूरर त्या नॉकआउटनंतर १९९६मध्ये पुन्हा विजेता झाला, म्हणजे हरलेल्याला संधी परत मिळते. थांबलेल्याला तर नक्कीच मिळते. सहा महिने पाय बांधा, दोन सामने खेळा, मग त्या जुन्या ठोसेबाजाचं नाव पुन्हा काढा. तेव्हा होकार द्यायला तुम्हाला दोनदा विचार करावा लागणार नाही.